पिंजऱ्याशिवाय तीनशे कोंबड्या : अंड्यांच्या शेडची आखणी करण्यापूर्वी

फलटण तालुक्यातील आमच्या शेतावर ब्रॉयलरचे एक जुने शेड रिकामे पडले होते. पिंजऱ्यातील कोंबड्यांचे हाल मी जवळून पाहिले होते, म्हणून अंड्यांवरच्या कोंबड्या मोकळ्या ठेवायच्या हे ठरवून मी त्या शेडमध्ये तूस पसरले, फीडर टांगले आणि तीनशे तलंगा, म्हणजे अजून अंडी सुरू न झालेल्या तरुण कोंबड्या, आणून सोडल्या. पिंजरा नाही म्हणजे कोंबडी सुखात, एवढाच माझा हिशेब होता. पुढच्या चार महिन्यांत निम्मी अंडी तुसात आणि विष्ठेत माखलेली मिळू लागली, कोंबड्यांनी एकमेकींची शेपटीजवळची पिसे उपटून पाठी उघड्या केल्या, आणि एका रात्री कुत्रे भुंकल्यामुळे घाबरून साऱ्या जणी एका कोपऱ्यात धावल्या तेव्हा अकरा पक्षी ढिगाखाली गुदमरून मेले. शेड मोकळे होते, पण कोंबडीला लागणारे काहीच त्यात नव्हते.

पिंजरा नको असे ठरवलेल्या, पण शेडमध्ये नेमके काय आणि कुठे असावे याचा अंदाज नसलेल्या नव्या कोंबडीपालकांसाठी हा लेख आहे. हिशेब सोपा राहावा म्हणून सर्व मापे तीनशे कोंबड्या आणि ३० × २० फुटांचे शेड धरून दिली आहेत. पक्षी अधिक असतील तर त्याच प्रमाणात वाढवावीत.

१. आधी कोंबडीचा दिवस समजून घ्यावा

गवंड्याला बोलावण्यापूर्वी गावातील एखाद्या अंगणातल्या चार गावठी कोंबड्या दिवसभर पाहाव्यात, असा माझा आग्रह आहे. उजाडण्याच्या सुमारास त्या झाडावरून किंवा खुराड्यातून उतरतात. अंडे घालायची वेळ आली की कोंबडी तासभर आधीपासून अस्वस्थ होऊन आडोसा शोधत फिरते. अंधारी, मऊ आणि एकांताची जागा मिळाली की तिथे बसते. उरलेला बराचसा वेळ ती जमीन उकरण्यात आणि टोचून पाहण्यात घालवते. दुपारच्या सुमारास, साधारण एक-दोन दिवसांआड, ती कोरड्या मातीत आडवी पडून पंख झाडत अंगावर धूळ घेते. या अंघोळीला वीस-पंचवीस मिनिटे सहज लागतात. अंधार पडू लागला की ती मिळेल त्या उंच जागी चढून बसते, कारण जमिनीवर झोपणे तिला धोक्याचे वाटते.

संकरित जातींमध्ये अंड्यांची संख्या वाढली, पण या सवयी गेल्या नाहीत. बीव्ही-३०० सारखी पांढरी, पिंजऱ्यासाठी पैदास केलेली कोंबडीसुद्धा तूस मिळाले की उकरते आणि दांडा मिळाला की त्यावर चढते. उकरायला काही नसेल तर तीच चोच शेजारणीच्या पिसांकडे वळते. मोकळ्या शेडमधील पिसे उपटण्याच्या प्रकारांचे हे मोठे कारण आहे. घालायला आडोसा नसेल तर कोंबडी कोपऱ्यात घालते, आणि चढायला दांडा नसेल तर कोपऱ्यात दाटी करते. माझ्या पहिल्या तुकडीच्या तिन्ही तक्रारी या एका परिच्छेदात आल्या आहेत.

२. मापांचा आधार

नेहमीच्या पिंजरा पद्धतीत एका कोंबडीला साधारण एका ए-फोर कागदापेक्षाही कमी जागा मिळते. त्या कागदाचे क्षेत्रफळ सुमारे ६२४ चौरस सेंटिमीटर असते. अंडी देणाऱ्या कोंबड्यांसाठी २०२३ साली केंद्र सरकारने केलेल्या नियमांतही पिंजऱ्यात प्रत्येक पक्ष्यामागे किमान ५५० चौरस सेंटिमीटर जागा सांगितली आहे. प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम, १९६० मधील कलम ११ नुसार प्राण्याला वाजवी हालचाल करता येणार नाही अशा पिंजऱ्यात कोंडणे हा गुन्हा आहे, आणि विधी आयोगाने जुलै २०१७ मधील आपल्या २६९ व्या अहवालात कोंबड्यांच्या पिंजऱ्यांचा प्रश्न याच अंगाने तपासला होता.

मोकळ्या शेडसाठी मी युरोपीय संघाच्या १९९९ च्या निर्देशातील मापे वापरतो, कारण त्यात दांडा, खोके, पाणी यांचे प्रत्येकाचे आकडे स्पष्ट दिले आहेत. याच निर्देशाने १ जानेवारी २०१२ पासून तिथे साधे रिकामे पिंजरे बंद केले. त्यात एका चौरस मीटरमध्ये जास्तीत जास्त नऊ कोंबड्या चालतात. आपण ते प्रमाण मात्र जसेच्या तसे उचलू नये. आपला उन्हाळा तिकडचा नाही, आणि आपली शेडे पंख्यांवर नसून वाऱ्यावर चालतात. प्रत्येक पक्ष्याला दोन चौरस फूट, म्हणजे एका चौरस मीटरमध्ये साधारण साडेपाच कोंबड्या, हे आपल्याकडचे रुळलेले प्रमाण योग्य आहे. तीनशे कोंबड्यांना म्हणूनच ६०० चौरस फूट.

३. कागदपत्रे आणि साहित्य

बांधकामाला हात घालण्यापूर्वी पुढील कागद एका फाइलमध्ये जमवून ठेवावेत. बँक, महावितरण आणि पशुवैद्यकीय दवाखाना या तिन्ही ठिकाणी थोड्याफार फरकाने तेच मागितले जातात.

– जमिनीचा चालू सातबारा आणि ८-अ उतारा. जमीन सामाईक असेल तर इतर खातेदारांची लेखी संमती
– ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला
– शेडचा मापांसह नकाशा, ज्यात शेजारची घरे, विहीर आणि ओढा यांची अंतरे दाखवलेली असावीत
– आधार, पॅन आणि बँक पासबुकाच्या प्रती
– विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्याचा तपासणी अहवाल
– वीजजोडणीचा अर्ज
– तलंगांच्या खरेदीची पावती आणि त्यांच्या लसीकरणाची नोंद

यातील वीजजोडणीकडे विशेष लक्ष द्यावे. महावितरणच्या दरपत्रकात कुक्कुटपालन ‘शेती – इतर’ या वर्गात येते. अर्जात तसे स्पष्ट लिहिले नाही तर व्यावसायिक दराची जोडणी मिळू शकते आणि ती नंतर बदलून घेण्यात महिने जातात. शेडचा पसारा मोठा असेल तर प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अटीही आधीच विचारून घ्याव्यात.

दुसरा सापळा अनुदानाचा आहे. राष्ट्रीय पशुधन अभियानात कुक्कुटपालनासाठी ५० टक्के, कमाल २५ लाख रुपयांपर्यंत भांडवली अनुदान आहे, हे खरे आहे; पण ते किमान एक हजार पैदाशीच्या पक्ष्यांचा फार्म, अंडी उबवणी आणि पिल्ले संगोपन अशा एकत्रित प्रकल्पाला मिळते. केवळ खाण्याच्या अंड्यांसाठी तीनशे कोंबड्या पाळणाऱ्याला ‘फाइल करून देतो’ म्हणणारा मध्यस्थ भेटला तर त्याला चहा पाजून वाटेला लावावे.

साहित्यात अर्धा इंची वेल्डमेश जाळी, पत्रे, दोन इंची लाकडी पट्ट्या, खोक्यांसाठी प्लायवूड, निप्पलची (चोच लावताच थेंब सोडणाऱ्या तोट्यांची) पाण्याची नळी, गोल फीडर, ताडपत्रीचे पडदे, टायमर आणि बॅटरीवर चालणारे दिवे लागतात. षट्कोनी छिद्रांची साधी ‘चिकन जाळी’ स्वस्त मिळते, पण ती कुत्रा एका रात्रीत फाडतो, म्हणून ती घेऊ नये.

४. दिशा, रुंदी आणि छप्पर

हा टप्पा चुकला तर पुढचे काहीही पूर्ण भरून निघत नाही, कारण एकदा काँक्रीट ओतले की शेड वळवता येत नाही.

शेडची लांबी पूर्व-पश्चिम असावी. सकाळ-संध्याकाळचे तिरपे ऊन मग आखूड बाजूंच्या भिंतींवर पडते, आणि त्या दोन भिंती पूर्ण विटांच्या बांधल्या की ऊन आत येत नाही. उत्तर आणि दक्षिण या लांब बाजूंना दीड फुटाची बुटकी भिंत आणि वर छपरापर्यंत जाळी ठेवावी. वारा एका बाजूने शिरून दुसऱ्या बाजूने निघाला पाहिजे; त्यासाठी रुंदी तीस फुटांच्या पुढे नेऊ नये. वीस फूट उत्तम. वळचण किमान चार फूट बाहेर काढावी, म्हणजे दुपारचे ऊन आणि पावसाची झड दोन्ही अडतात. जाळीचा पाया दीड-दोन फूट जमिनीत गाडावा, नाहीतर मुंगूस खालून उकरून आत येते. माझ्याकडे ते पायाखालूनच आले होते.

कोंबडीला घाम येत नाही. तिच्या शरीराचे तापमान मुळातच ४१ अंश सेल्सिअसच्या आसपास असते, आणि बाहेरचा पारा पस्तिशीच्या पुढे गेला की चोच उघडून धापा टाकणे एवढाच उपाय तिच्याकडे उरतो. धापा टाकताना रक्तातील कर्बवायू भराभर बाहेर पडतो, रक्ताचा आम्ल-अल्क तोल बिघडतो आणि कवचासाठी लागणारा चुना पुरेसा तयार होत नाही. एप्रिल-मे महिन्यांत अंड्याचे कवच पातळ होते त्याचे हे एक मुख्य कारण आहे. छप्पर थंड ठेवणे म्हणजे केवळ दया नव्हे, फुटकी अंडी टाळण्याचाही तो मार्ग आहे. पत्र्याला दरवर्षी फेब्रुवारीअखेर चुन्याचा जाड हात द्यावा आणि मधोमध वर उचललेला पाखा ठेवून गरम हवेला वाट द्यावी. आमच्या भागात छपरावर उसाचे पाचट पसरतात. त्याने आत लक्षणीय फरक पडतो, परंतु पाचटात उंदीर राहतात आणि ठिणगीचा धोका असतो, म्हणून ते पावसाळ्यापूर्वी न चुकता उतरवावे. तुषार फवारणी कोरड्या हवेतच उपयोगी पडते. मेच्या शेवटी हवा दमट झाली की फवारा बंद करून पंखा लावावा, नाहीतर ओलसर उष्म्यात पक्षी अधिक लवकर दगावतात.

कोकणातील आणि गोव्यातील वाचकांनी एक बदल करावा. चार महिने पाऊस असताना जमिनीवरचे तूस कोरडे राहत नाही. तिथे जोते दोन-अडीच फूट उंच घ्यावे आणि शेडचा निम्मा भाग फटींच्या लाकडी फळ्यांचा करावा.

५. आतली आखणी : कुठे काय

आता कोंबडीचा दिवस जमिनीवर मांडायचा आहे. तीस फुटांच्या उत्तर बाजूला लागून सहा फूट रुंदीचा पट्टा रात्रीच्या बसण्यासाठी राखावा. पूर्व आणि पश्चिम भिंतींचा उरलेला चौदा-चौदा फुटांचा भाग अंडी घालण्याच्या खोक्यांसाठी. मधली ३० × १४ फुटांची जागा तुसाची, उकरण्याची आणि धुळीची. दार दक्षिणेला. हा नकाशा खडूने जमिनीवर आखून त्यावर एकदा स्वतः चालून पाहावे; टोपली हातात घेऊन सर्व खोक्यांपर्यंत वाकड्या वाटेने जावे लागत असेल तर ते काम रोज कंटाळ्याचे होते आणि अंडी उशिरा उचलली जातात.

६. बसण्याचे दांडे

एका कोंबडीला १५ सेंटिमीटर दांडा हवा. तीनशे कोंबड्यांना ४५ मीटर, म्हणजे साधारण १४८ फूट. तीस फुटांचे पाच दांडे लावले की १५० फूट होतात. हिशेब जेमतेम बसतो, पण बसतो. भिंतीपासून पहिला दांडा २० सेंटिमीटरवर आणि पुढचे एकमेकांपासून ३० सेंटिमीटरवर ठेवावेत, म्हणजे सहा फुटांच्या पट्ट्यात पाचही मावतात.

दांड्यांची उंची हा वादाचा विषय आहे. उंच दांडा कोंबडीला आवडतो, पण उतरताना उडी चुकली की छातीचे हाड मोडते. अंड्यांच्या कोंबडीचा चुना सतत कवचात जात असल्यामुळे तिची हाडे मुळातच ठिसूळ असतात. मी सर्व दांडे एकाच पातळीवर, अडीच फुटांवर ठेवले. उंची वेगवेगळी असली की वरच्या दांड्यासाठी रोज संध्याकाळी भांडणे होतात. चढण्यासाठी दर दहा फुटांवर आडव्या पट्ट्या ठोकलेली उतरती फळी लावावी. तिचा चढ ४५ अंशांपेक्षा कमी असावा.

लोखंडी गोल नळी वापरू नये. ती निसरडी असते, थंडीत गार पडते आणि छातीच्या हाडावर एकाच जागी दाब आणते. दोन इंची लाकडी पट्टी कडा घासून गोल करून घ्यावी. बांबू स्वस्त आणि सोयीचा वाटतो, मीही सुरुवातीला बांबूच लावला होता. त्याच्या पोकळ टोकांत आणि पेऱ्यांच्या भेगांत तांबडे गोचिडासारखे बारीक किडे दिवसभर लपतात आणि रात्री बाहेर येऊन कोंबडीचे रक्त पितात. दिवसा अंगावर काहीच दिसत नाही, तुरे मात्र फिके पडत जातात. बांबूच लावायचा असेल तर दोन्ही टोके सिमेंटने बंद करावीत आणि दर महिन्याला रात्री बॅटरी घेऊन दांड्याच्या खालच्या बाजूवर पांढरा कागद घासून पाहावा. कागदावर तांबडे ठिपके उमटले तर किडे आहेत असे समजावे.

दांड्यांच्या खाली फूटभर उंचीवर वेल्डमेशची चौकट बसवावी. रात्रीची सारी विष्ठा त्याखाली साचते, कोंबड्यांचे पाय तिच्यात जात नाहीत, आणि मधले तूस कोरडे राहते. पाण्याच्या निप्पलची नळीही याच चौकटीवरून न्यावी, कारण थेंब गळणारच. ते तुसाऐवजी चौकटीखाली गळोत.

७. अंडी घालण्याची खोकी

युरोपीय मापानुसार सात कोंबड्यांना एक खोके पुरते. प्रत्यक्षात सर्व जणींना दोन-तीनच खोकी आवडतात आणि तिथे रांग लागते, म्हणून मी पाच-सहा जणींमागे एक धरतो. फूटभर रुंद, फूटभर उंच आणि चौदा इंच खोल अशी खोकी दोन्ही भिंतींवर दोन-दोन ओळींत चौदा-चौदा लावली की ५६ होतात. खालची ओळ जमिनीपासून दीड फुटावर असावी आणि प्रत्येक ओळीसमोर उतरण्यासाठी आडवी पट्टी असावी. छप्पर तिरके ठेवावे. सपाट ठेवले तर त्यावर कोंबड्या झोपतात. तोंडावर गोणपाटाचा मधोमध चिरलेला पडदा टांगावा आणि शेडमधील दिव्याचा उजेड आत पडणार नाही याची खात्री करावी.

जमिनीवर पडणारी अंडी ही नवशिक्याची सर्वांत मोठी डोकेदुखी असते, आणि तिचे मूळ बहुतेक वेळा पहिल्या दोन आठवड्यांत असते. एकदा कोंबडीने कोपरा पसंत केला की ती तिथेच येत राहते आणि तिथले अंडे पाहून दुसरीही येते. म्हणून अंडी सुरू होण्याच्या दोन आठवडे आधी खोकी उघडी करावीत, शेडचे कोपरे विटा रचून किंवा तिरकी फळी लावून बुजवावेत, आणि पहिला महिना दिवसातून पाच-सहा वेळा जमिनीवरची अंडी उचलावीत. सकाळचे पहिले पाच-सहा तास घालण्याचे असतात. त्या वेळी खाद्य टाकणे, झाडणे, पाहुणे आणणे टाळावे. संध्याकाळी मात्र खोक्यांची तोंडे बंद करावीत, नाहीतर दुबळ्या कोंबड्या आतच झोपून खोकी घाण करतात आणि एखादी खुडूक होऊन ठाण मांडते.

८. तूस, धूळ आणि चोचीला काम

भाताचे तूस सुरुवातीला तीन ते चार इंच पसरावे. ते कोरडे आहे की नाही हे कळण्यासाठी मूठभर तूस घट्ट दाबून हात उघडावा. गोळा तसाच राहिला तर ते ओले आहे. अजिबात न चिकटता उडू लागले तर फार कोरडे आहे. आणि किंचित चिकटून लगेच फुटले तर नेमके आहे. ओल्या तुसातून अमोनिया सुटतो आणि रक्ती हगवणीचे जंतू वाढतात. नाकाला वास येईपर्यंत थांबू नये. सकाळी दार उघडताच डोळे चुरचुरले तर उशीर झाला आहे. आठवड्यातून दोनदा तूस दाताळ्याने खालीवर करावे आणि ओले ठिगळ काढून टाकावे.

येथे एक नेहमीची चूक सांगतो. थंडीत किंवा पावसात लोक पडदे वरून खाली सोडतात आणि वरची फट बंद करून टाकतात. पडदा खालून वर ओढण्याच्या पद्धतीने बसवावा, म्हणजे पक्ष्यांच्या अंगावर वारा येत नाही आणि वरचा फूट-दीड फूट भाग अमोनिया बाहेर जाण्यासाठी सदैव उघडा राहतो.

धुळीच्या अंघोळीसाठी कोरडे तूसही चालते, परंतु चार फूट लांबी-रुंदीच्या दोन चौकटींत चाळलेली माती, वाळू आणि चुलीतील राख भरून ठेवली की कोंबड्या तिथे अक्षरशः पाळ्या लावतात. उकरण्यासाठी दुपारी ओंजळभर ज्वारी किंवा मका तुसात विखरावा. लसूणघासाची जुडी किंवा कोबीची बाहेरची पाने चोच पोहोचेल इतक्या उंचीवर टांगावीत. एवढ्यावरही पिसे उपटणे सुरू झाले तर दिव्याचा उजेड कमी करावा, जखमी कोंबडी लगेच वेगळी करून जखमेवर जांभळे औषध लावावे आणि खाद्यातील प्रथिने व मीठ तपासून घ्यावे. चोच छाटण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. चोचीच्या टोकाला भरपूर संवेदना असतात, आणि मोठ्या कोंबडीची चोच तापलेल्या पात्याने कापणे तर मी कोणत्याही परिस्थितीत करणार नाही.

९. खाद्य आणि पाणी

गोल फीडरच्या काठावर प्रत्येक कोंबडीला ४ सेंटिमीटर जागा लागते. ४० सेंटिमीटर व्यासाच्या एका फीडरचा घेर सुमारे १२५ सेंटिमीटर असतो, म्हणजे तीसेक कोंबड्यांना एक. दहा पुरतात, बारा लावावेत, म्हणजे दुबळीलाही जागा मिळते. फीडरचा काठ कोंबडीच्या पाठीच्या पातळीला ठेवला की सांडलवंड कमी होते. रोजचे ११० ते १२० ग्रॅम धरले तर तीनशे जणींना ३५ किलोच्या आसपास खाद्य लागते. मोकळ्या कोंबडीची हालचाल अधिक असल्यामुळे ती पिंजऱ्यातील कोंबडीपेक्षा थोडे जास्तच खाते, आणि अंड्याचा भाव ठरवताना हे विसरू नये. शिंपल्याचा चुरा वेगळ्या भांड्यात संध्याकाळी द्यावा, कारण कवच मुख्यतः रात्री तयार होते.

निप्पल दहा पक्ष्यांमागे एक, म्हणजे तीस. पाणी एरवी दिवसाला ७५ लिटर पुरते, उन्हाळ्यात त्याच्या दुप्पट धरावे. छपरावरची काळी टाकी दुपारपर्यंत इतकी तापते की कोंबड्या पाण्याला चोचही लावत नाहीत. नेमक्या सर्वाधिक गरजेच्या वेळी त्या तहानलेल्या राहतात आणि मालकाला मात्र टाकी भरलेली दिसते. टाकी सावलीत ठेवावी, नळी जमिनीखालून आणावी आणि भर दुपारी निप्पलचे पाणी स्वतःच्या मनगटावर घेऊन पाहावे.

१०. उजेडाची वेळ

अंड्यांवर असलेल्या कोंबडीला १४ ते १६ तास उजेड लागतो आणि तो मध्येच कमी होऊ नये. आपल्याकडे दिवस हिवाळ्यात ११ तासांचा आणि उन्हाळ्यात १३ तासांचा असतो, म्हणून उरलेला उजेड दिव्याने द्यावा लागतो. बहुतेक जण तो संध्याकाळी देतात आणि रात्री नऊला एकदम बटण बंद करतात. अचानक अंधार झाल्यावर ज्या कोंबड्या जमिनीवर असतील त्या दांड्यावर चढूच शकत नाहीत आणि कोपऱ्यात दाटी करतात. जास्तीचा उजेड पहाटे द्यावा. डिसेंबरात तीन वाजता आणि जूनमध्ये चार वाजता दिवा लागला की पंधरा तास भरतात, आणि संध्याकाळ नैसर्गिक राहिल्यामुळे कोंबड्या मावळतीच्या उजेडात आपणहून दांड्यावर जातात. टायमर बॅटरीवर चालणारा घ्यावा. वीज जाण्याची वेळ आपल्या हातात नसते. पहाटे दिवा लागण्यापूर्वी खोकी उघडी असली पाहिजेत, हे ओघाने आलेच.

११. तलंगा कुठून आणि कशा घ्याव्यात

शेड तयार झाले तरी त्यात येणारा पक्षी त्याला सरावलेला हवा. पिंजऱ्यात वाढवलेली तलंग सोळाव्या आठवड्यात आणून सोडली तर तिला उडी मारताच येत नाही. ती दांड्याखाली बसून राहते आणि कधी कधी पाण्यापर्यंतही पोहोचत नाही. विक्रेत्याच्या फार्मवर जाऊन तलंगा तुसावर वाढल्या आहेत का आणि पहिल्या चार आठवड्यांच्या आत त्यांना बसायला दांडे मिळाले होते का, हे डोळ्यांनी पाहावे. मरेक, गंबोरो, मानमोडी आणि देवीच्या लसींची नोंद तारखेसह मागावी. पक्षी सोळाव्या आठवड्यापर्यंत आपल्या शेडमध्ये आलेले असावेत, म्हणजे अंडी सुरू होण्यापूर्वी त्यांना रुळायला वेळ मिळतो. पहिले दहा दिवस रोज संध्याकाळी जमिनीवर राहिलेल्या कोंबड्या हाताने उचलून दांड्यावर ठेवाव्यात. काम कंटाळवाणे आहे, पण दुसऱ्या आठवड्यात उचलायला फारशा उरत नाहीत.

१२. बाहेर सोडायचे की नाही

बाहेर चरणाऱ्या कोंबडीचे चित्र ग्राहकाला आवडते. मात्र नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरला २००६ मध्ये आणि पुन्हा २०२१ मध्ये बर्ड फ्लूमुळे लाखो पक्षी नष्ट करावे लागले, हे आपल्या राज्यातील पालकाने लक्षात ठेवावे. शेडच्या दक्षिणेला छप्पर असलेला आणि जाळीने बंद केलेला दहा फूट रुंदीचा ओटा हा मला मधला मार्ग वाटतो. जंगली पक्ष्यांची विष्ठा आत पडत नाही आणि कोंबडीला ऊन-वारा मिळतो. ओट्यावर जाण्याची दारे ३५ सेंटिमीटर उंच आणि ४० सेंटिमीटर रुंद असावीत, आणि एकाहून अधिक असावीत, कारण एकाच दारात दांडगी कोंबडी उभी राहिली की बाकीच्या आतच राहतात. खुले रान द्यायचेच असेल तर आधी शेवगा किंवा शेवरी लावून सावली करावी. उघड्या माळावर घारीच्या भीतीने कोंबडी दारापासून दहा पावलांपुढे जात नाही.

१३. रात्रीची फेरी आणि तुकडी बदलताना

आठवड्यातून एकदा अंधार पडल्यावर तासाभराने मंद बॅटरी घेऊन शेडमध्ये जावे. किती जणी जमिनीवर आहेत, दांड्यावर कुठे गर्दी आणि कुठे मोकळी जागा आहे, कुणाच्या श्वासाला घरघर आहे, हे दिवसाच्या गोंधळात कळत नाही. दहा कोंबड्या हातात घेऊन छातीचे हाड बोटांनी चाचपावे. वाकडे किंवा गाठाळलेले हाड वारंवार लागले तर दांड्यांची उंची कमी करावी किंवा उतरत्या फळ्या वाढवाव्यात. निरीक्षणे भिंतीवर टांगलेल्या वहीत तारखेसह लिहावीत. त्या वहीमुळेच माझ्या लक्षात आले की पश्चिम भिंतीवरची वरची खोकी एप्रिलमध्ये रिकामी राहतात. दुपारच्या उन्हाने ती भिंत तापत होती. बाहेरून पाचटाचा ताटवा लावल्यावर ती पुन्हा भरू लागली.

तुकडी बहात्तर ते ऐंशी आठवड्यांची झाली की ती काढल्यानंतर शेड किमान दोन आठवडे रिकामे ठेवावे. तूस आणि दांड्यांखालची विष्ठा काढून झाकून कुजवावी. दांडे सुटे करून उन्हात टाकावेत, सांध्यांच्या भेगांत रॉकेल लावावे, भिंती चुन्याने रंगवाव्यात, आणि नळीत साचलेला चिकट थर धुऊन काढल्याशिवाय नव्या तलंगांना पाणी सोडू नये.